‘काये ओचो’ लावा की! पिटबुलच्या गाण्यावर मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लग्नं, संगीत, साठीशांत, सोसायटीची कोजागिरी अशा कार्यक्रमांना डीजे म्हणून वाजवतो. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत शेकडो गाणी आली आणि गेली. एका गाण्याची फर्माईश मात्र अजून थांबलेली नाही, आणि त्याच्यावरचे प्रश्नही. कन्सोलवर वाकून कानात ओरडून विचारतात, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, एकांनी तर पंगतीत वाढप चालू असताना विचारलं. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. पुणेरी पाटी समजा हवं तर.

‘वन टू थ्री फोर, उनो दोस त्रेस’ असं काहीतरी असलेलं गाणं नक्की कुठलं?

‘आय नो यू वॉन्ट मी (काये ओचो)’. गायक पिटबुल, साल २००९, अल्बम ‘रिबेल्यूशन’. नाव कुणाला आठवत नाही, आकडे सगळ्यांना आठवतात. एका काकूंनी मला फोनवर नुसती ट्रम्पेटची धून तोंडानं वाजवून दाखवली होती, ‘पपपाऽ पॅ’ करत. तेवढ्यावर कळलं.

पिटबुलचं खरं नाव आर्मान्दो क्रिस्तियान पेरेस. जन्म १९८१ चा, मायामीचा; आईवडील क्यूबाहून आलेले. हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिला क्रमांक मिळाला नाही, कारण त्या वर्षी तिथं ‘ब्लॅक आइड पीज’ ठाण मांडून बसले होते. लागोपाठच्या दोन गाण्यांनी त्यांनी सलग २६ आठवडे ती जागा सोडली नाही. रिझर्व्हेशनच्या डब्यात खिडकी धरून बसलेल्या माणसासारखं.

‘कॅले ओचो’ की ‘काये ओचो’?

काये. स्पॅनिशमध्ये दोन एल शेजारी आले की बहुतेक ठिकाणी ‘य’सारखा उच्चार होतो. काये म्हणजे रस्ता, ओचो म्हणजे आठ. आठवा रस्ता. मायामीच्या नैऋत्य भागातला हा खरोखरचा रस्ता आहे आणि तो ‘लिटल हवाना’ या वस्तीतून जातो. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेली कुटुंबं इथं मोठ्या संख्येनं राहिली. काचेच्या खिडकीतून विकली जाणारी कडक गोड कॉफी, डॉमिनो खेळत बसलेली म्हातारी माणसं, मार्च महिन्यात रस्ताभर भरणारी जत्रा, अशी त्या रस्त्याची ओळख. थोडक्यात, तिथल्या लोकांना ‘काये ओचो’ म्हटलं की जे वाटतं, ते आपल्याला ‘तुळशीबाग’ म्हटलं की वाटतं. नुसता पत्ता नाही तो.

‘उनो’ म्हणजे ते पत्ते का?

हो, शब्द तोच. उनो म्हणजे एक.

ती ट्रम्पेटची धून पिटबुलची आहे ना?

नाही. आणि हा प्रश्न विचारलात म्हणून बरं वाटलं, कारण या गाण्यातलं खरं घबाड इथंच आहे. नीट बसा, लांबण लागणार आहे.

पिटबुलचं गाणं उभं आहे ‘७५, ब्राझील स्ट्रीट’ नावाच्या एका क्लबच्या ट्रॅकवर. तो निकोला फासानो हा इटालियन डीजे आणि पॅट रिच यांनी केलेला. पिटबुलनं त्यावर आपले शब्द चढवले. पण त्या दोघांनीही ट्रम्पेट वाजवलेली नाही. ती धून त्यांनी ‘शिकागो’ या अमेरिकन बँडच्या ‘स्ट्रीट प्लेयर’ या गाण्यातून उचललेली. ते गाणं १९७९ चं, ‘शिकागो १३’ या अल्बममधलं, लांबी नऊ मिनिटांहून जास्त.

शिकागो हा रॉक बँड, पण गिटारांबरोबर पितळी वाद्यं घेऊन फिरणारा. ट्रम्पेटवर ली लॉकनेन, ट्रॉम्बोनवर जेम्स पँकाउ, सॅक्सोफोन-बासरीवर वॉल्टर पॅराझेडर. या तिघांचा एकत्र फुंकलेला आवाज हीच बँडची ओळख. ‘स्ट्रीट प्लेयर’मध्ये त्यांच्या जोडीला पाहुणा म्हणून मेनार्ड फर्ग्युसन आला. जॅझमधला तो असा ट्रम्पेटवाला, की जिथं बाकीच्यांचा श्वास संपतो तिथून याचे वरचे स्वर सुरू व्हायचे. तालवाद्यांवर ब्राझीलचा आइर्तो मोरेइरा होता.

गाणं लिहिलं होतं बँडचा ड्रमर डॅनी सेराफिन आणि डेव्हिड वोलिन्स्की यांनी. त्यातही गंमत म्हणजे शिकागोच्या आधी, १९७८ मध्ये, ते ‘रूफस’ या बँडनं रेकॉर्ड केलेलं. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तेसुद्धा पहिलं नाही.

वेळही काय साधली बघा. १२ जुलै १९७९ ला शिकागो शहरातल्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचं खोकं स्फोट करून उडवण्यात आलं. ‘डिस्को नको’ म्हणून. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहराचं नाव लावणारा बँड नऊ मिनिटांचं डिस्को घेऊन बाजारात उतरला! रॉकवाल्या चाहत्यांनी नाकं मुरडली. गाणं मागं पडलं.

पण डीजे लोकांच्या पेट्यांमध्ये ती तबकडी राहिली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या केनी ‘डोप’ गोन्झालेझनं ‘द बकेटहेड्स’ या नावानं तिचाच तुकडा फिरवून ‘द बॉम्ब’ केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत गेलं. त्या गाण्याच्या कंसातल्या नावाचा अर्थ होतो ‘हे आवाज माझ्या मनात पडतात’. शिकागोच्या गाण्यात प्रत्यक्षात ‘रस्त्यावरचे आवाज मनात गरगरतात’ अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे चुकीचं ऐकलेलंच नाव होऊन बसलं. आरतीत ‘संकटी पावावे’च्या जागी ‘संकष्टी पावावे’ म्हणणाऱ्यांनी यावर हसू नये.

मग ‘ब्राझील स्ट्रीट’ आणि मग पिटबुलचा आठवा रस्ता. ‘स्ट्रीट प्लेयर’, ‘ब्राझील स्ट्रीट’, ‘काये ओचो’: धून रस्त्यावरून उठलीच नाही. मी लोकांना सांगताना वाड्याचं उदाहरण देतो. वाडा तोच, चौक तोच, भाडेकरू बदलत गेले. दारावरची पाटी पिटबुलची आहे, पण चिरेबंदी काम १९७९ चं.

सँपल करणं म्हणजे नक्की काय करतात?

जुन्या रेकॉर्डिंगमधला तुकडा कापून घेतात, दोन-चार सेकंदांचा किंवा थोडा मोठा. शेवट सुरुवातीला जोडला की तो गोल फिरत राहतो. त्याला आम्ही लूप म्हणतो. खालचे स्वर फिल्टरनं छाटतात, म्हणजे जुना बेस आणि ड्रम गळून पडतात आणि नवा जाड बेस घालायला जागा होते. नंतर हवा तेवढा वेग. ‘काये ओचो’ मिनिटाला साधारण १२७ ठोक्यांवर चालतं.

डिस्को यासाठी सोयीचं, कारण त्यात चारही मात्रांवर सारखा ठोका असतो. लूप बसवताना ताल डगमगत नाही. जुन्या फिल्मी गाण्यांचं तसं नाही. तिथं माणसं भावनेप्रमाणं किंचित पुढंमागं होतात, ऐकायला गोड, पण कापायला बसलं की घाम फुटतो.

मग ही चोरी नाही का?

परवानगी न घेता केली तर चोरी. इथं हक्क दोन असतात आणि लोक नेहमी एकच धरतात. एक हक्क चालीचा आणि शब्दांचा, म्हणजे ज्यांनी गाणं रचलं त्यांचा. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, तो सहसा कंपनीकडे असतो. धून स्वतः वाजवून घेतलीत तर दुसऱ्या हक्काचा प्रश्न मिटतो, पहिल्याचा नाही. तुकडाच उचललात तर दोन्हीकडे जावं लागतं.

माझं मत विचाराल तर, नुसता तुकडा उचलून त्याच्याखाली ठोका घातला की मला त्यात राम वाटत नाही. पण बकेटहेड्सनं जे केलं ते वाचन होतं. नऊ मिनिटांच्या गाण्यात नेमकं कुठं लोकांचे पाय उचलतात हे त्यानं शोधून काढलं. बंदिश तीच असते आणि गवई बदलला की वेगळी दिसते, त्यातलाच प्रकार. पिटबुलच्या बाबतीत मी इतका उदार नाही. त्याचं कसब धुनीत नाही, कुठली धून घ्यायची आणि त्यावर किती कमी बोलायचं, हे कळण्यात आहे. तेही कमी नाही म्हणा.

सात सेकंदांपेक्षा कमी तुकडा घेतला तर चालतं ना? आणि इतकं जुनं गाणं तर आता मोकळंच असेल!

सात सेकंदांचा असा कुठलाही नियम नाही. कॉलेजच्या गॅदरिंगपासून ऐकतोय, कुणी म्हणतं सात, कुणी दहा, कुणी तीस. कायद्यात सेकंद मोजलेले नाहीत.

मोकळंही नाही. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९७९ च्या रेकॉर्डिंगला २०३९ संपेपर्यंत. चाल आणि शब्द यांचा हक्क तर रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. तुम्ही घरी मराठी शब्द घालून रिमिक्स केलात आणि यूट्यूबवर चढवलात तर तिथली यंत्रणा आपोआप ओळखते. माझी एक मेहनतीची मिक्स अशीच रात्री चढवली आणि सकाळी चहा व्हायच्या आत गप्प झाली होती. चूक माझीच.

पण तुम्ही तर लग्नात सर्रास वाजवता?

वाजवतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेड-ए). धार्मिक विधींमध्ये संगीत वाजवलं तर तो भंग धरत नाहीत, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रमही घातलेले आहेत. यावरून हॉटेलवाले, कार्यक्रमवाले आणि परवाने देणाऱ्या संस्था यांच्यात वाद होत आलेत. २०२३ च्या जुलैत केंद्रानं पुन्हा एकदा जाहीर सूचना काढली. कंपनीची वार्षिक पार्टी, न्यू इयर, तिकीट लावलेला कार्यक्रम हे मात्र या सवलतीत बसत नाही. तिथं परवाना आयोजकानं घ्यायचा. ‘डीजे बघून घेईल’ हे चालणार नाही, डीजे बघणार नाही.

घरच्या कार्यक्रमात शब्द चालण्यासारखे आहेत का?

मूळ आवृत्ती? नाही. गाणं सरळसरळ नाचणाऱ्या बाईच्या अंगाबद्दल आहे आणि आडपडदा फारसा नाही. इंग्रजी न कळणारे आजोबा खूश असतात, इंग्रजी कळणारे मामा माझ्याकडे बघत असतात.

सुरुवातीच्या काळात एका हळदीच्या कार्यक्रमात चुकून मूळ आवृत्ती लागली. पेन ड्राइव्हवर मूळ आणि चावट शब्द गाळलेली ‘क्लीन’ अशा दोन्ही फाइली, दोघींची नावं सारखी, अंधारात अंगठा एक ओळ खाली गेला. नवरीची आजी, नऊवारी, हातात हळदीची वाटी, आणि समोर पिटबुल वर्णन करतोय. मी फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढला तर सगळे ओरडले, ‘अहो, बंद का केलं?’ आजीसुद्धा. तेव्हापासून क्लीन आवृत्तीच्या नावापुढं मी ‘आजी’ लिहून ठेवलंय. अजून तसंच आहे.

दोन भाषांचं गाणं इतकं चालतं कसं? आपल्याला तर स्पॅनिश येत नाही.

येण्याची गरजच ठेवलेली नाही. मुखड्यात काय आहे? एक ते चार आकडे, आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये. इंग्रजी आकडे हा अर्थ, स्पॅनिश आकडे ही त्याचीच दुसरी चव. अर्थ आधीच हातात असल्यामुळं परकी भाषा ऐकणाऱ्याला घाबरवत नाही. शिवाय आकडे म्हणजे नाचाची मोजणी. ‘एक दोन तीन चार’ म्हणत कुठलाही कोरिओग्राफर पावलं बसवतो. गाणं स्वतःच तालमीची मोजणी करतंय म्हटल्यावर नवरदेवाच्या मित्रांनासुद्धा जमतं, आणि त्यांचं जमणं सोपं नसतं.

मायामीत क्यूबन घरात वाढलेल्या माणसाची बोलीच अशी आहे: वाक्य एका भाषेत सुरू, दुसरीत संपलेलं. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. शाहीर राम जोशी सोलापूरचे, उत्तर पेशवाईत पुण्यात गाजले. एकाच रचनेत मराठीबरोबर कानडी, हिंदी, संस्कृत मिसळण्याची त्यांची करामत प्रसिद्ध आहे. त्या बैठकीतल्या प्रत्येकाला चारही भाषा येत असतील असं थोडंच आहे? आणि आपण तरी ‘अरे यार, लेट झालं, सॉरी, येतोच’ हे वाक्य कुठल्या भाषेत बोलतो?

आमच्याकडे बँड ठरलेला आहे. बँडवर वाजेल का?

वाजेल, आणि फाइलपेक्षा भारी वाजेल. हे मी स्वतः बघितलंय.

म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर लग्न होतं. वरात आत आली, बँडवाल्यांचं काम संपलं, माझं सुरू झालं. ट्रम्पेटवाले काका, साठीच्या आसपासचे, लाल कोट, झालरीचं एक टोक सुटलेलं, जनरेटरच्या बाजूला चहा पीत उभे होते. मी ‘काये ओचो’ सोडलं. धून दुसऱ्यांदा आली तसा त्यांनी कप खाली ठेवला, मुखनळी कोटाच्या बाहीला पुसली आणि तिथूनच वाजवायला लागले. सूर जरा वर होता. तासभर वरातीत फुंकून पितळ तापलेलं असतं, तापलं की वाद्य चढतं. मी ‘की लॉक’, म्हणजे वेग बदलला तरी सूर जागचा हलू न देणारी सोय, काढला आणि वेगाची पट्टी, पिच स्लायडर, हळूहळू वर नेली. सहा टक्के वेग वाढवला की गाणं अर्धा स्वर चढतं. मला दीडेक टक्का लागला. एका क्षणी दोन्ही आवाज मिळाले आणि कंप थांबला. मग मी फाइलमधले वरचे स्वर पूर्ण छाटले आणि खाली फक्त ठोका ठेवला.

लोक वळून बघायला लागले. काका गवतावरून चालत आत आले, वाजवतच. चार फेऱ्या झाल्यावर थांबले, चेहरा कोटासारखाच लाल. म्हणाले, ‘पोरा, हे एकट्याचं काम नाय. हे तिघांनी फुंकलेलं आहे. मधला आवाज ट्रॉम्बोनचा.’ शिकागोचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मी वर जे तीन नावांचं पुराण लावलंय ते मी वाचून शोधलेलं. त्यांनी कानानं मोजलं.

तेव्हा बँड ठरवलेला असेल तर मास्तरांना दोन दिवस आधी धून पाठवा. ट्रम्पेट दोन असतील आणि खालचा भाग युफोनियमवर दिला तर उत्तम. वरच्या सुराचा हट्ट धरू नका, तो फर्ग्युसनचा प्रांत.

ढोल-ताशावर किंवा मराठी गाण्याला जोडून वाजवाल का?

ढोलाबरोबर चालतं. ठोका सरळ आहे, ताशाची तर्री त्या धुनीच्या मोकळ्या जागेत छान बसते. फक्त ढोलवाल्यांचा वेग चढत जातो, तेव्हा त्यांच्यामागं मी जायचं, माझ्यामागं ते येणार नाहीत. कोळीगीताला जोडून नको. त्याची चाल सहाच्या हिंदोळ्याची, हे चारचं. एकावर एक चढवलं की पाय अडखळतात. तिथं मी एक दम थांबवतो, माइकवर ‘वन टू थ्री फोर’ पब्लिककडून म्हणून घेतो आणि मग सोडतो.

नऊ मिनिटांचं ‘स्ट्रीट प्लेयर’ पूर्ण लावाल का?

जेवणाच्या वेळी, आनंदानं. नाचाला लावलं तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘दादा, गाणं अडकलंय का?’ विचारायला येतं.

याच जातीचं आणखी एखादं सांगा.

कार्डी बी, बॅड बनी आणि जे बाल्विन यांचं २०१८ चं ‘आय लाइक इट’. हे बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचा पाया पीट रॉड्रिगेझच्या १९६७ च्या ‘आय लाइक इट लाइक दॅट’चा. तो प्रकार बुगालू, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन पोरांनी क्यूबन तालावर इंग्रजी शब्द घालून केलेला. इथं नव्या गाण्यानं जुन्याला दोन भाषांचं केलं नाही, जुनंच मिश्र होतं. दोन्ही पाठोपाठ ऐका, आधी १९६७ चं. पियानोकडे लक्ष ठेवा.

दहा वाजून गेलेत, पण पाहुणे आत्ताच आलेत. शेवटचं एकच ‘काये ओचो’?

नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, नियम २००० पासूनचा आहे आणि शेजारच्या सोसायटीला तो तोंडपाठ आहे. पाहुण्यांना पुढच्या वेळी नऊला बोलवा. तोंडानं धून म्हणायला बंदी नाही, मी टाळ्या धरतो.